दा हुआंग: चिनी वैद्यकातल्या रेवाचिनीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी काष्ठौषधींच्या दुकानात लाकडी खणांमधून जी मुळं तोलून देतात, त्यांत पिवळट-तपकिरी रंगाचं, उग्र वासाचं एक मूळ हमखास असतं. त्याचं नाव दा हुआंग, म्हणजे ‘मोठं पिवळं’. दोन हजार वर्षं हे औषध सलग वापरात आहे. परदेशात राहणारी आपली मंडळी शेजारच्या चिनी दुकानातून ते आणतात, कुणी ‘पोट साफ करणारा चहा’ म्हणून पितात, आणि मग विचारतात, “किती घ्यायचं?” या प्रश्नाला नुसता ग्रॅमचा आकडा सांगितला, तर ते धोक्याचं ठरू शकतं. का, ते या पानावर सविस्तर लिहिलं आहे.

केक-मुरंब्यात घालतात तो रूबार्ब आणि दा हुआंग एकच का?

नातं सख्खं, पण वस्तू वेगळी. युरोपातल्या स्वयंपाकघरात येतात ते रूबार्बचे आंबट, गुलाबी देठ. औषधात वापरतात ते जमिनीखालचं मूळ आणि कंद. चीनच्या औषधकोशाने दा हुआंग म्हणून तीनच जाती मान्य केल्या आहेत: ऱ्हीयम पाल्माटम, ऱ्हीयम टँग्युटिकम आणि ऱ्हीयम ऑफिसिनाले. छिंगहाय, गान्सू, सिचुआन आणि तिबेटचा उंच, थंड मुलूख हे त्यांचं घर. झाड काही वर्षं वाढू देतात. मग शरद ऋतूच्या शेवटी पानं वाळल्यावर, किंवा वसंतात नवे कोंब फुटायच्या आधी मूळ खणून काढतात. बारीक मुळ्या काढून टाकतात, साल खरवडतात, तुकडे करतात आणि बऱ्याचदा दोरीत ओवून वाळवतात. जुन्या तुकड्यांना मधोमध भोक दिसतं, ते या दोरीचं.

देठ खाल्ल्याने मुळाचा गुण येत नाही. आणि पानं कुठल्याही रूबार्बची असोत, खायची नाहीत. त्यांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि त्याने विषबाधा होते.

मग आपल्या बाजारात मिळते ती रेवाचिनी?

रेवंद हे रूबार्बचं फारसी नाव. रेवंदचिनी म्हणजे चीनकडून आलेली रेवंद, तिचीच आपण रेवाचिनी केली. नावातच व्यापाराचा रस्ता टिकून राहिला आहे. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथातही या मुळाची चर्चा आहे, म्हणजे आपल्या किनाऱ्याला त्याची ओळख फार जुनी.

पण आज भारतात रेवाचिनी म्हणून मिळतं ते बहुतेक हिमालयातल्या ऱ्हीयम ऑस्ट्राले या जातीचं मूळ. तिचं जुनं शास्त्रीय नाव ऱ्हीयम इमोडी. ‘इमोडिन’ हे रसायनाचं नाव त्यावरूनच पडलं. कुळ एक, प्रजाती एक, रेचक गुणही आहे, पण घटकांचं प्रमाण वेगळं. म्हणून चिनी पुस्तकातली मात्रा उचलून आपल्याकडच्या रेवाचिनीला लावायची नाही, आणि उलटही करायचं नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. ‘उसारे रेवंद’ या नावाने एक पिवळा, ठिसूळ डिंक मिळतो. नावावरून तो रेवाचिनीचा अर्क वाटतो, पण तसा तो नाही. कोकमाच्या नात्यातल्या गार्सिनिया जातीच्या झाडांचा तो चीक असतो, चित्रकार त्याला गॅम्बोज म्हणतात. तो अतिशय जहाल जुलाब आहे. रेवाचिनी समजून तो कुणीही पोटात घेऊ नये.

चिनी वैद्य याला ‘सेनापती’ का म्हणतात?

जिआंगजुन, म्हणजे सेनापती, हे दा हुआंगचं जुनं टोपणनाव. मिंग काळातले वैद्य झांग जिंग्युए यांनी चार औषधं सर्वांत मोलाची मानली. जिनसेंग आणि शिजवलेली रेहमानिया ही दोन मुळं त्यांच्या मते चांगले मंत्री, तर फूझी (बचनागाच्या नात्यातलं मूळ) आणि दा हुआंग हे चांगले सेनापती. मंत्री रोज दरबारात लागतो. सेनापतीला लढाई असेल तेव्हा बोलवायचं आणि लढाई संपली की परत पाठवायचं. हा एवढा फरक नीट कळला, तर दा हुआंगबद्दलचे निम्मे प्रश्न सुटतात. दंतकथेतल्या शेननोंग सम्राटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चीनमधल्या सर्वांत जुन्या औषधग्रंथानेही औषधांचे तीन वर्ग करताना दा हुआंग शेवटच्या वर्गात ठेवलं: रोगावर चालणारी, पण फार काळ घ्यायची नाहीत अशी औषधं.

सहाव्या शतकातली एक हकीगत इतिहासग्रंथात नोंदलेली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. लिआंग राजवंशाचा सम्राट वू म्हातारपणी तापाने आजारी पडला आणि दा हुआंग घ्यायचं म्हणू लागला. राजवैद्य याओ सेंगयुआन म्हणाले, हे वेगाने काम करणारं औषध आहे, महाराजांचं वय झालं आहे, सहज घेऊ नये. सम्राटाने ऐकलं नाही आणि त्याची प्रकृती आणखी बिघडली. पुढे त्याचा मुलगा सम्राट युआन पोटाच्या दुखण्याने आजारी झाला. बाकीचे वैद्य घाबरून सौम्य औषधंच सुचवत होते. याओंनी नाडी पाहिली, ती भरलेली आणि जोरदार होती. अन्न साठून राहिलं आहे, दा हुआंगशिवाय गुण येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. काढा दिला, साठलेलं पडून गेलं, सम्राट बरा झाला. वैद्य एकच, औषध एकच. बापाला नको म्हटलं आणि मुलाला आग्रहाने दिलं, कारण त्यांनी औषधाच्या आधी माणूस पाहिला.

चिनी वैद्यकात ते कशाकशासाठी देतात?

तिथल्या परिभाषेत दा हुआंग कडू आणि थंड आहे. आतडी, जठर, प्लीहा, यकृत आणि हृदयावरण यांच्या मार्गांवर ते काम करतं असं मानतात. मुख्य काम म्हणजे आत साठलेली उष्णता आणि मळ खाली ढकलून बाहेर काढणं. ताप आहे, पोट टणक आहे, हात लावला तरी दुखतं, जिभेवर जाड पिवळा थर आहे, कित्येक दिवस शौचाला झालेलं नाही, असा रोगी हा दा हुआंगचा खरा रोगी. इ. स. २०० च्या आसपास वैद्य झांग झोंगजिंग यांनी लिहिलेल्या औषधयोगांमध्ये ‘चेंगची’ नावाचे काढे आहेत, ते अशाच अवस्थेसाठी.

पण ते फक्त जुलाबाचं औषध नाही. काविळीसाठी यिन चेन हाओ तांग या काढ्यात ते असतं (तांग म्हणजे काढा). रक्ताची उलटी आणि नाकातून रक्त यांसाठी शिए शिन तांगमध्ये, साकळलेलं रक्त हलवण्यासाठी पीचच्या बियांबरोबर ताओ हे चेंगची तांगमध्ये, आणि आतड्याच्या गळवासाठी दा हुआंग मू दान तांगमध्ये. दा हुआंग आणि ज्येष्ठमध अशा दोनच द्रव्यांचा एक छोटा योग आहे. मूळ ग्रंथात तो जेवल्या जेवल्या होणाऱ्या उलटीवर सांगितला आहे. खालचा रस्ता मोकळा झाला की वर उसळणारं खाली बसतं, असा त्यामागचा विचार. आज जपानमध्ये तोच योग साध्या बद्धकोष्ठतेसाठी वापरतात.

यातला एक प्रकार घरी कधीच करू नये. आतड्याचं गळू म्हणजे पुष्कळदा अपेंडिक्सच. चीनमध्ये तिआनजिनच्या नानकाई रुग्णालयात शल्यचिकित्सक वू शिआनझोंग यांनी पोटाच्या अशा तातडीच्या आजारांत दा हुआंगचे काढे वापरून मोठं काम उभं केलं. पण तिथे बाजूला शस्त्रक्रियागृह तयार होतं, रोग्यावर चोवीस तास नजर होती. घरी पोट दुखतंय म्हणून जुलाबाचं औषध घेतलं आणि आत अपेंडिक्स सुजलेलं असलं, तर ते फुटू शकतं. कारण न कळलेल्या पोटदुखीत दा हुआंग नाही, सोनामुखी नाही, एरंडेलही नाही.

मात्रा किती? एकदा स्पष्ट सांगा.

चीनच्या औषधकोशात दिवसाची मात्रा ३ ते १५ ग्रॅम दिलेली आहे. हा आकडा बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो आणि त्याचाच सगळ्यात जास्त गैरसमज होतो. ती मात्रा काढ्यात घालायच्या वाळलेल्या तुकड्यांची आहे, चूर्णाची नाही. काढा गाळला की चोथा मागे राहतो, शिवाय उकळताना रेचक घटकांचा काही भाग नाहीसा होतो. चूर्ण गिळलं तर सगळंच पोटात जातं. म्हणून चूर्णाची मात्रा काढ्यापेक्षा पुष्कळच कमी असते. आणि १५ ग्रॅम ही त्या पल्ल्याची वरची मर्यादा आहे, ती रोगी पाहून वैद्याने ठरवायची. स्वतःच्या अंदाजाने तिथवर जायचं नाही.

युरोपचं गणित वेगळं आहे. तिथे मुळाचं वजन न मोजता त्यातले रेचक घटक, म्हणजे हायड्रॉक्सिअँथ्रासीन वर्गातली द्रव्यं मोजतात. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने प्रौढांसाठी अशा द्रव्यांची मात्रा २० ते ३० मिलिग्रॅम सांगितली आहे, रात्री एकदा. युरोपच्या औषधकोशाप्रमाणे मुळात ही द्रव्यं किमान २.२ टक्के हवीत. त्या हिशेबाने ती मात्रा साधारण ०.९ ते १.४ ग्रॅम चूर्णात बसते. मूळ अधिक कसदार असेल तर त्याहूनही कमी चूर्णात. पंधरा ग्रॅम कुठे आणि एक ग्रॅम कुठे! दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण एकाचा पदार्थ आणि दुसऱ्याचा आकडा अशी गल्लत केली की माणूस रात्रभर संडासात बसतो.

मी विचारणाऱ्यांना सांगते ते असं: वैद्याने लिहून दिलेलं नसेल तर काढा करूच नका. साध्या, कधीतरी होणाऱ्या बद्धकोष्ठतेला घ्यायचंच असेल, तर ज्याच्या वेष्टनावर रेचक घटकांचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये छापलंय असं तयार औषध घ्या, आणि शौच मऊ होईल एवढीच, कमीत कमी मात्रा ठेवा. आकडा छापलेला नसेल तर ते पाकीट दुकानातच राहू द्या.

जुन्या ग्रंथात चार लिआंग लिहिलंय. म्हणजे किती?

इथे भलेभले अडखळतात. लिआंग हे जुनं चिनी वजन. हान काळातला, म्हणजे झांग झोंगजिंग यांच्या वेळचा लिआंग आजच्या साधारण १४-१५ ग्रॅमइतका होता असं अभ्यासक मानतात. त्या हिशेबाने चार लिआंग पन्नास ग्रॅमच्या वर जातात. पण नंतरच्या परंपरेत त्याच एका लिआंगचे ३ ग्रॅम धरून काढे लिहिले गेले, म्हणजे चार लिआंगचे १२ ग्रॅम. या वजनांवर चीनमध्ये आजही वाद चालतो. शिवाय तो काढा एकदम प्यायचा नसे, भाग करून, परिणाम पाहत पाहत द्यायचा असे. म्हणून इंटरनेटवरच्या भाषांतरातून जुनी कृती उचलून ती तराजूवर मोजू नका.

उकळण्याच्या वेळेने खरोखर एवढा फरक पडतो?

पडतो, आणि दा हुआंगच्या मात्रेचा खरा गाभा इथेच आहे. दा चेंगची तांग आणि शिआओ चेंगची तांग, म्हणजे मोठा आणि छोटा चेंगची, या दोन्ही काढ्यांत दा हुआंग चार-चार लिआंगच आहे. तरी एक जहाल आणि दुसरा मवाळ. मोठ्या काढ्यात साथीची द्रव्यं जास्त आहेत आणि वर खनिज मीठ विरघळवतात, हे एक कारण. दुसरं कारण कृतीत आहे. मोठ्यात आधी बाकीच्या साली-फळं उकळून घेतात आणि दा हुआंग मागून टाकतात. छोट्यात सगळं पहिल्यापासून एकत्र उकळतं. तिसऱ्या एका योगात तर दा हुआंग उकळतच नाहीत. उकळत्या पाण्यात क्षणभर भिजवून पिळून घेतात, कारण तिथे जुलाब नको असतो, वरच्या भागातली उष्णता तेवढी उतरवायची असते.

रसायनशास्त्र याला दुजोरा देतं. दा हुआंगमधली मुख्य रेचक द्रव्यं म्हणजे सेनोसाइड, आपल्या सोनामुखीत असतात त्याच जातीची. फार वेळ उकळलं की ती मोडतात. टॅनिन मात्र टिकून राहतं, आणि टॅनिन तुरट, शौच बांधून आणणारं. म्हणून एकाच वजनाचं मूळ शेवटची पाच-दहा मिनिटं उकळलं तर जुलाब होतो, तासभर उकळलं तर तो बराच बोथट होतो. चिनी औषधकोशात मात्रेच्या आकड्याशेजारीच ‘जुलाबासाठी फार वेळ उकळू नये’ असं वाक्य आहे. आकड्याइतकंच हे वाक्य महत्त्वाचं.

कच्चं, दारूत परतलेलं, वाफवलेलं, जाळलेलं: यांतलं कोणतं?

कच्चं म्हणजे शेंग दा हुआंग, सगळ्यात जोरकस. तांदळाची दारू शिंपडून हलकं परतलं की जिऊ दा हुआंग होतं. ते शरीराच्या वरच्या भागातल्या, म्हणजे डोळे, हिरड्या, घसा इथल्या उष्णतेवर देतात. दारूत मुरवून काळपट होईपर्यंत वाफवलं की शू दा हुआंग. याचा रेच बराच कमी होतो, वयस्कर किंवा नाजूक प्रकृतीच्या माणसाला वैद्य ते निवडतात. बाहेरून काळं होईपर्यंत भाजलं की दा हुआंग तान, ते रक्तस्राव थांबवण्यासाठी. पाकिटावर नुसतं ‘रूबार्ब’ लिहिलं असेल तर यांतलं काय आहे ते विचारून घ्या. पाच ग्रॅम कच्चं आणि पाच ग्रॅम वाफवलेलं, यांना पोट सारखा प्रतिसाद देत नाही.

घेतल्यावर किती वेळात परिणाम होतो? पोटात कळ येणं ठीक आहे का?

साधारण सहा ते बारा तास. ही द्रव्यं जठरात किंवा लहान आतड्यात फारशी काम करत नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जंतू त्यांचं रूपांतर करतात आणि मग आतड्याची हालचाल वाढते, पाणी शोषलं जाणं कमी होतं. म्हणून औषध रात्री घेतात. दोन तासांत काही झालं नाही म्हणून दुसरी मात्रा घेणं ही सर्रास होणारी चूक आहे. माझ्या नात्यातल्या एका काकूंनी हेच केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सलाइन लावावं लागलं.

थोडा मुरडा येऊ शकतो. जोराची कळ म्हणजे मात्रा जास्त झाली किंवा हे औषध तुमच्यासाठी नाही. लघवी गडद पिवळी किंवा लालसर झाली तर घाबरू नका, तो द्रव्यांचा रंग असतो. पण औषध थांबवल्यावरही रंग तसाच राहिला तर तपासून घ्या.

किती दिवस घ्यायचं?

झांग झोंगजिंग यांनी काढ्याच्या कृतीतच उत्तर लिहून ठेवलं आहे: शौचाला झालं की उरलेला काढा पिऊ नये. काम झालं की उरलेला अर्धा पेला ओतून टाकायचा. औषध वाया गेलं म्हणून हळहळायचं नाही.

आजची शिफारसही याच दिशेची आहे. कधीतरी, थोडे दिवस, आणि आठवड्यातून दोन-तीन वेळाच घेतलं तरी बहुधा पुरतं. एका आठवड्याहून जास्त काळ गरज लागत असेल तर वैद्यकीय देखरेख हवी. रोज घेत राहिलं की शरीरातलं पोटॅशियम घटतं आणि आतडं औषधाशिवाय हलायला कुरकुरतं. शिवाय रेच ओसरल्यावर टॅनिनमुळे पुन्हा घट्ट होतं, म्हणून माणूस आणखी घेतो. या चक्रातून बाहेर पडणं अवघड जातं. बरीच वर्षं असली रेचकं घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्याचं अस्तर दुर्बिणीतून काळसर दिसतं. तो रंग औषध सोडल्यावर हळूहळू जातो, पण तो दिसला की ओळखावं, रेचकाची सवय जडली आहे.

कुणी अजिबात घेऊ नये?

गरोदर बाईने नाही. अंगावर पाजणाऱ्या आईनेही नाही, कारण रेचक द्रव्यं दुधातून उतरून बाळाला जुलाब होऊ शकतात. पाळी चालू असतानाही चिनी औषधकोश जपून वापरायला सांगतो, कारण रक्त हलवण्याचा गुण या औषधात आहे असं ते शास्त्र मानतं. बारा वर्षांखालच्या मुलांना नाही. आतड्यात अडथळा, क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारखी आतड्याची सूज, उलट्या-जुलाबांनी आलेला कोरडेपणा, निदान न झालेली पोटदुखी, यांतलं काही असेल तर नाही. ऑक्झॅलेटचे मुतखडे होण्याची प्रकृती असेल तरी टाळा, कारण मुळातही ऑक्झॅलेट असतं.

आणि ज्यांना चिनी वैद्य ‘थंड आणि दुबळं पोट’ म्हणतात, म्हणजे भूक मंद, हातपाय गार, शौच मुळातच सैल, त्यांना हे औषध त्यांच्या शास्त्राप्रमाणेही चालत नाही. म्हाताऱ्या माणसाची बद्धकोष्ठता बऱ्याचदा कोरडेपणाची आणि शक्ती कमी झाल्याची असते. अशा वेळी तो म्हातारा सम्राट वू आठवावा.

मी रोजची औषधं घेतो. चालेल का?

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, स्टेरॉइड, हृदयाचे ठोके सांभाळणारी औषधं, विशेषतः डिगॉक्सिन: यांच्या जोडीला दा हुआंग धोक्याचं आहे. पोटॅशियम घटलं की डिगॉक्सिनची विषबाधा होऊ शकते. वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक चिमूटही नको.

ज्येष्ठमधाचंही सांगायला हवं. आपण त्याला निरुपद्रवी समजतो, घसा धरला की चघळतो. पण ज्येष्ठमध नियमित आणि मोठ्या प्रमाणात पोटात गेलं की तेही पोटॅशियम घटवतं आणि रक्तदाब वाढवतं. दा हुआंग-ज्येष्ठमध हा योग दोन दिवस घेणं वेगळं आणि दोन महिने घेणं वेगळं.

आपल्याकडे मिळणारी पोट साफ करायची बरीच चूर्णं सोनामुखीची असतात. ते चूर्ण आणि वर दा हुआंगचा चहा म्हणजे एकाच औषधाची दुप्पट मात्रा. दोन्ही पाकिटं वाचा.

वजन कमी करायला उपयोग होतो का?

नाही. जुलाबाने कमी होतं ते पाणी, मीठ आणि मळ. चरबी नाही, कारण ही द्रव्यं मोठ्या आतड्यात काम करतात आणि अन्नातलं बहुतेक सत्त्व त्याआधीच शोषलेलं असतं. मुली महिनोनमहिने असले चहा पितात, थकवा, पायात गोळे आणि छातीत धडधड घेऊन येतात, आणि चहाचा उल्लेखही करत नाहीत, कारण तो त्यांना औषध वाटतच नाही. घरात कुणी असा चहा पीत असेल तर कृपा करून शांतपणे त्यांच्याशी बोला.

मूत्रपिंडाच्या आजारात दा हुआंग देतात म्हणे?

चीनमध्ये देतात, तोंडाने आणि बस्तीनेही. सातव्या शतकातल्या सुन सिमिआओ यांच्या नावावरचा वेन पी तांग, ज्यात दा हुआंग उष्ण द्रव्यांबरोबर येतं, त्याचा यासाठी बराच अभ्यास झाला आहे. काही चाचण्यांत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड दुबळं झालं की वाढणारं द्रव्य, कमी झालेलं दिसलं. पण त्या चाचण्या लहान आहेत, त्यांची रचना कच्ची आहे आणि त्यावरून छातीठोकपणे काही म्हणता येत नाही. मूत्रपिंड दुबळं असताना पोटॅशियम आणि पाण्याचा तोल आधीच नाजूक असतो, म्हणून इथे स्वतः प्रयोग करणं सगळ्यात महागात पडेल. त्या योगात फूझी असते, आपल्या बचनागाच्या नात्यातली. शोधन न केलेली फूझी जीव घेते.

बाहेरून लावायला?

हा वापर जुना आहे. भाजलेल्या जागी, सुजेवर, गळवावर दा हुआंगचं चूर्ण तिळाच्या तेलात किंवा इतर द्रव्यांबरोबर कालवून लावतात. कपड्याला पिवळा डाग पडतो, तो सहज जात नाही. मोठ्या भाजलेल्या जखमेवर मात्र थंड पाणी आणि दवाखाना.

माल अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

चांगला तुकडा जड असतो, मोडला तर आतून पिवळट-तांबूस आणि दाणेदार दिसतो. कंदाच्या आडव्या कापावर बारीक चांदण्यांसारखे ठिपके असतात, जाणकार आधी तेच शोधतात. चघळला तर दाताला चिकटतो, वाळूसारखा करकरतो आणि थुंकी पिवळी होते. भेसळ बहुधा इतर रूबार्ब जातींची असते. त्यांतल्या बऱ्याच जातींत रॅपॉन्टिसिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यामुळे त्या जंबुपार किरणांखाली निळ्या-जांभळ्या चमकतात. औषधकोशात ही तपासणी नमूद आहे. घरी ती करता येणार नाही, म्हणून विश्वासाचं दुकान आणि वेष्टनावर जातीचं पूर्ण नाव.

एके काळी या मुळाला राज्यांच्या व्यवहारातही मोठं महत्त्व होतं. रशिया आणि चीन यांच्यातल्या १७२७ च्या क्याख्ता तहानंतर रशियाच्या सरहद्दीवरून जे दा हुआंग युरोपात जाई, ते तपासून, वाईट तुकडे बाजूला काढून पाठवत, आणि त्याला भावही तसाच मिळे. १८३९ साली अफूविरोधी मोहिमेचे अधिकारी लिन झेशू यांनी राणी व्हिक्टोरियाला लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं की चीनचा चहा आणि रूबार्ब यांवाचून परदेशी लोकांचा एक दिवस निघणार नाही.

जास्त घेतलं गेलं तर काय करू?

औषध ताबडतोब थांबवा. जुलाब सुरू झाले असतील तर मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घोट घोट, सतत देत राहा. जुलाब बंद करायची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. पुढचं काही दिसलं तर दवाखान्यात जायला उशीर करू नका: चक्कर, हातपाय लुळे पडल्यासारखे वाटणं, ठोके चुकल्यासारखे वाटणं, शौचातून रक्त, लघवी फारच कमी होणं, पोट ताठ होऊन दुखणं. म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहताच न्या. जाताना औषधाचं पाकीट, उरलेले तुकडे आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर घ्या. डॉक्टरांना ‘काहीतरी चिनी चहा’ म्हणू नका. ‘रूबार्बचं मूळ, सोनामुखीसारखं रेचक, अमुक ग्रॅम, अमुक वाजता’ असं सांगा, म्हणजे ते लगेच पोटॅशियम तपासतील.